पूर्वेकडचा परिच्छेद

भूजल सल्लागार परिषद म्हणजे नारायण पेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या अडीच खोल्या. सदस्य सात, ते महिन्यातून एकदा यायचे. रोज येणारी माणसं दोनच: टंकलेखनापासून कुलपापर्यंत सगळं बघणारा रतन आणि परिषदेची सचिव दीक्षा गजभिये.

काम सांगायला सोपं होतं. सरकारने प्रश्न विचारायचा, परिषदेने त्यावरचं सगळं संशोधन वाचायचं आणि भूशास्त्र न शिकलेल्या माणसाला कळेल असा सल्ला लिहून द्यायचा. तो मानायचा की नाही हे सरकारच्या हातात. मात्र सल्ल्यात काय असावं हे सरकारने सांगायचं नाही, आणि दिल्यापासून नव्वद दिवसांनी तो जसाच्या तसा लोकांसमोर ठेवायचा, असं स्थापनेच्या ठरावातच लिहिलेलं होतं.

दीक्षा मूळची भंडाऱ्याची. शिकायला पुण्यात आली आणि इथलीच झाली. परिषदेत येण्याआधी ती एका संशोधन संस्थेत होती, आणि तेव्हापासून तिची सुदर्शन पाटसकरशी ओळख. सुदर्शन शाळेत विज्ञान शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी शहरातल्या विहिरी मोजत फिरायचा. दोघांनी मिळून अकरा वर्षं, दर महिन्याला, एकशे चाळीस विहिरींची पातळी मोजली होती. कुठल्या वाड्यामागच्या विहिरीवर कुत्रं अंगावर येतं, कुठल्या सोसायटीचा वॉचमन किल्ली देत नाही, हे दोघांनाही पाठ. तिचे वडील गेले तेव्हा तोच तिला गाडीने भंडाऱ्याला घेऊन गेला होता. तुमच्या दोघांमध्ये आहे तरी काय, असं लोक विचारायचे. "विहिरी आहेत," असं सुदर्शन सांगायचा.

मग सरकारकडून प्रश्न आला. मोठ्या इमारतींच्या तळघरांसाठी खोल खड्डे खणतात, त्यात झिरपणारं पाणी महिनोन्‌महिने उपसून गटारात सोडतात. त्यामुळे शहराचं भूजल खाली जातंय का, आणि जात असेल तर काय करावं? हा प्रश्न सरकारने आपणहून विचारला नव्हता. सुदर्शनने विहिरींसाठी उभ्या केलेल्या गटाने चार वर्षं निवेदनं दिली, उपोषणं केली, तेव्हा कुठे तो परिषदेपर्यंत पोचला होता.

दीक्षाने पाच महिने तेच वाचलं. नदीच्या पश्चिमेकडचं चित्र स्वच्छ होतं: खड्ड्यातला पंप सुरू झाला की आजूबाजूच्या विहिरी दोन-तीन आठवड्यांत उतरत होत्या. पूर्वेकडच्या नव्या वसाहतींमध्ये मात्र तसं दिसेना. जिथे खड्डे नव्हते तिथेही पाणी खाली गेलं होतं. तिने आकडे तीनदा मांडले, दुसऱ्या दोन संस्थांकडून तपासून घेतले. उत्तर तेच आलं. तिथलं पाणी सोसायट्यांच्या स्वतःच्या बोअरनीच संपवलं होतं, एकेका सोसायटीचे पाच-पाच, सहा-सहा.

आकडे सुदर्शनच्याच गटाचे, त्यामुळे त्याला अंदाज यायला वेळ लागला नाही. एका दुपारी तो कचेरीत आला. चालू प्रश्नाबद्दल कोणी भेटायला आलं की वहीत नाव लिहावं लागे. दीक्षाने वही पुढे केली.

"माझं नाव विसरलीस वाटतं," तो म्हणाला. पण लिहिलं.

त्याचं म्हणणं असं होतं की ती सांगते ते खोटं आहे असं नाही. पण त्याच्या मागे उभे राहणारे निम्मे लोक पूर्वेकडच्या सोसायट्यांमधले होते. पाणी तुम्हीच संपवलंत, असं सरकारी कागदावर आलं की ते घरी बसतील, आणि खड्डेवाल्यांच्या वकिलांना आयतं कोलीत मिळेल.

"एक परिच्छेद आहे, दीक्षा. पुढच्या वर्षी घाल. मी खोटं लिही म्हणत नाहीये, फक्त आत्ता लिहू नकोस."

"आपणच मोजलंय ते," ती म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय."

तिने वहीत भेटीचा विषय लिहायला घेतला, पण लिहून होईपर्यंत सुदर्शन थांबला नाही.

सदस्यांच्या बैठकीतही त्या परिच्छेदावर दोन तास गेले. सदस्यांत एक वकील होते, त्यांना तो जरा मऊ करावासा वाटत होता. अध्यक्ष डॉ. जयसिंग घोरपडे निवृत्त भूशास्त्रज्ञ, वय अठ्ठ्याहत्तर. ते शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी दीक्षाला विचारलं, हे खरं आहे का. ती हो म्हणाली. "मग दोन तास चर्चा कसली चालली होती?" एवढं बोलून त्यांनी सही केली.

सल्ला घेऊन दीक्षा मुंबईला मंत्रालयात गेली. सहसचिव नम्रता देवधर यांनी बासष्ट पानांचा गठ्ठा हातात तोलून पाहिला आणि टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, मंत्रिमंडळापुढे याचं दीड पान जाईल, ते मी लिहिण्यापेक्षा तुम्ही लिहिलेलं बरं, आणि त्यात 'कदाचित' किती वेळा येतं ते मोजा.

दीक्षा तिथेच बाहेरच्या बाकावर बसली. पाच महिन्यांचं काम दीड पानात बसवताना तिला पहिल्यांदा कळलं की आपल्याला नेमकं काय ठाऊक आहे. पश्चिमेकडे उपशावर बंधन घाला, उपसलेलं पाणी पुन्हा जमिनीत मुरवायला लावा. पूर्वेकडे बोअरना मीटर बसवा, नवीन बोअर थांबवा. सगळीकडच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवा.

"एक 'कदाचित' राहिलंय," नम्रताबाई कागद वाचून म्हणाल्या.

"पाणी मुरवल्यावर विहिरी किती वर्षांत भरतील, ते आम्हाला माहीत नाही."

नम्रताबाईंनी थोडा विचार केला. "असू दे. एक चालेल."

नंतर सरकारने ते दीड पान लोकांसमोर ठेवून त्यावर जनसुनावणी घेतली. सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत बांधकामवाल्यांचे वकील होते आणि त्यांना सल्ला एकतर्फी वाटत होता. मागे पूर्वेकडच्या सोसायट्यांचे लोक, त्यांना तो विकला गेलेला वाटत होता. दीक्षा मंचावर एकटी बसून दोघांनाही तीच उत्तरं देत राहिली. शेवटी सुदर्शन उठला. तो शांतपणे, नीट बोलला.

"मॅडम, आपण या शहरात किती वर्षं काम केलंत ते मला माहीत आहे. त्यामुळे आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीक्षाने त्याचा मुद्दा लिहून घेतला. वकिलांनी केलेले आरोप तिला संध्याकाळपर्यंत आठवतही नव्हते. अकरा वर्षं जो माणूस तिला तू म्हणत आला होता, त्याने भर सभेत तिला 'आपण' म्हटलं होतं, आणि तिनेही उत्तर देताना 'आपला मुद्दा नोंदवला आहे' असंच म्हटलं होतं.

त्यानंतर सुदर्शनचा गट तिच्याविना विहिरी मोजू लागला. रविवार मोकळे झाले. ती मंडईत जायची, एका माणसाला लागेल तेवढी भाजी घ्यायची, भाजीवाली पाव किलोला नाक मुरडायची, आणि घरी येऊन दीक्षा दुसऱ्या दिवशीचे कागद काढायची. भंडाऱ्याहून आईचा फोन यायचा. काम कसं चाललंय या प्रश्नाला ती 'चाललंय' म्हणायची आणि तिकडच्या पावसाचं विचारायची.

सल्ला दिल्यापासून अडीच महिन्यांनी नियमांचा मसुदा आला. त्याआधी नम्रताबाईंचा फोन आला होता.

"पश्चिमेकडचं जवळजवळ सगळं घेतलं. पाणी मुरवणं बंधनकारक, नोंदी खुल्या. पूर्वेकडचं राहिलं."

"का?"

"सोसायट्यांमध्ये मतदार राहतात, गजभियेबाई. खड्ड्यांत कोणी राहत नाही."

दीक्षाने फोन ठेवला. ज्या परिच्छेदापायी सुदर्शन दुरावला, तो सरकारने कागदावर एका ओळीचंही कारण न देता वगळला होता. आणि जे आलं होतं ते त्यानेच चार वर्षं मागितलेलं होतं. तिला वाटलं, आता तरी तो फोन करेल. दोन दिवस वाट पाहून तिनेच त्याला मसुदा पाठवला, खाली लिहिलं, 'तुझ्या चार वर्षांचं चीज झालं.' संध्याकाळी उत्तर आलं, 'आभारी आहोत.'

डॉ. घोरपड्यांना तिने हे सांगितलं नाही. पण नव्वदावा दिवस जवळ आला तसं तिने त्यांना विचारलं, वगळलेला भाग प्रसिद्ध करून आता उपयोग काय? ते म्हणाले, सरकारने ऐकलं नाही हे सरकारचं झालं, आपण सांगितलं होतं हे कुठेतरी लिहिलेलं असू दे. नव्वदाव्या दिवशी रतनने बासष्टच्या बासष्ट पानं संकेतस्थळावर चढवली. एका वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. बाकी काहीच झालं नाही.

तीन आठवड्यांनी कचेरीत एका बाईंचा फोन आला. नाव वेणूबाई ढोले, राहणार पूर्वेकडच्या एका सोसायटीत, मूळ गाव यवतमाळकडचं. मुलगा आयटीत, सून आयटीत, दिवसभर घरी त्या आणि टँकरची वाट. नातवाने मोबाइलवर काढून दिलेला पूर्वेकडचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला होता.

"आमच्या सोसायटीत सहा बोअर आहेत, तुम्ही लिहिलंय तितकेच," त्या म्हणाल्या. "चार आटलेत. उरलेल्या दोनमध्ये पाणी किती आहे ते आम्हाला बघायचंय. ते कसं बघतात?"

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दीक्षा रविवारी बसने गेली. पार्किंगमध्ये वेणूबाई आणि आणखी पाच बायका उभ्या होत्या, सेक्रेटरी गृहस्थ लांबून बघत होते. तिने बोअरचं झाकण काढायला लावलं, पाण्याला टेकताच वाजणारी पातळीची टेप खाली सोडली. चौऱ्याहत्तर मीटरवर टेपने आवाज दिला. एका बाईने विचारलं, म्हणजे किती मजले? दीक्षाने हिशेब केला: चोवीस. त्यांची इमारत बारा मजल्यांची होती. सगळ्या वर बघत राहिल्या, मग खाली. 

त्यांनी तिथेच ठरवलं की दोनपैकी एक बोअर महिनाभर बंद ठेवायचा आणि दर रविवारी मोजायचं. सेक्रेटरींची संमती घ्यायची राहिली होती. "ते मी बघते," वेणूबाई म्हणाल्या. दीक्षाने टेप कशी धरायची, आकडा कुठे वाचायचा ते दाखवलं आणि प्रत्येकीकडून एकदा करून घेतलं.

उन्हं वर आली होती. वेणूबाईंनी तिला वर घरी नेलं, भाकरी आणि पातळ वरण वाढलं. जेवताना त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं?

"मीच असते."

वेणूबाईंनी मान हलवली आणि तिच्या पानात आणखी वरण वाढलं. दीक्षा सावकाश जेवली. साडेतीनच्या बसला गर्दी नव्हती. खिडकीशी बसून तिने मोबाइल काढला, सुदर्शनचं नाव उघडलं, 'पूर्वेकडे एक सोसायटी मोजायला लागलीये' इतकं लिहिलं. स्वारगेटपर्यंत ते तसंच पडद्यावर होतं. उतरताना तिने ते पाठवून दिलं. त्या दिवशी उत्तर आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. पण त्याने ते वाचल्याची खूण दिसत होती.