गरम की गार

मी एक जुना पलंग आहे. घरातला नव्हे, मित्रांनो. डोंबिवलीतल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यातला. कोणाची कंबर धरलेली असते, कोणाचा खांदा आखडलेला असतो, कोणाचं अर्धं अंग लुळं पडलेलं असतं. अशी माणसं माझ्यावर आडवी होतात आणि दोन हात त्यांना हळूहळू

(आलं कोणीतरी.)

माफ करा, मित्रांनो. वाक्य अर्धंच राहिलं. माझ्यावर माणूस असला की मला बोलता येत नाही, तेव्हा फक्त वजन पेलायचं. एक उठून दुसरा झोपेपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढाच माझा. प्रियांका चादर झटकते, उशी उलटी करते आणि हाक मारते, "पुढचे कोण?" तेवढ्यात मी सांगणार. म्हणून घाईने सांगतो.

माझा जन्म ठाण्याला, कोलशेतच्या एका लहान कारखान्यात झाला. लोखंडी पाय, प्लायवूडची पाठ, वर फोम, फोमवर हिरवं रेक्झिन. उशाकडे एक गोल भोक कापलं. पालथ्या झोपलेल्या माणसाला श्वास घेता यावा म्हणून. पण माझ्यासाठी ते भोक म्हणजे डोळा झालं. एकच डोळा, खाली बघणारा. त्यातून मला फरशी दिसते आणि उपचार करणाऱ्याचे पाय दिसतात. मी माणसं पायांवरून ओळखायला शिकलो.

पहिले पाय आसावरी मॅडमचे. दवाखाना त्यांचा. मग त्यांचे गुडघे कुरकुरू लागले आणि टिटवाळ्याहून प्रियांका आली. नुकतीच शिकून बाहेर पडलेली, निळ्या बुटांची. कोणाच्या पाठीवर जोर द्यायची वेळ आली की तिच्या टाचा उचलल्या जायच्या. गाणं गुणगुणायची, तेव्हा बुटाचं टोक ताल धरायचं. ज्यांच्या अंगाला बधिरपणा असे, त्यांची ती आधी एक परीक्षा घ्यायची. काचेच्या दोन नळ्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. "डोळे मिटा काका, आणि सांगा. गरम की गार?" चूक झाली तर म्हणायची, "नापास! तुम्हाला शेक नाही मिळणार." आणि म्हातारी माणसंसुद्धा लहान मुलांसारखी हट्ट

(आलं.)

लोक म्हणायचे, तिच्या हाताला गुण आहे. हे कौतुक मी इतक्यांदा ऐकलं, मित्रांनो, की मला वाटायचं ते माझंही आहे. सगळ्यांना प्रियांकाच हवी असे. आसावरी मॅडमही दारातून म्हणायच्या, "अगं, एवढ्या एकांना मध्ये घे ना, लांबून आलेत." आणि ती घ्यायची. नाही म्हणायला तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

माणसं नुसतं अंग घेऊन येत नाहीत. हात लागला की ती बोलायला लागतात. कोणाचं सुनेशी पटत नाही. कोणाची नोकरी गेलेली असते. शेवंतीताई खांद्यासाठी यायच्या. त्यांचा तरुण मुलगा गेला होता. खांदा हलवताना त्या त्याच्याबद्दल सांगायच्या आणि प्रियांकाचे निळे बूट जागच्या जागी थिजून उभे राहायचे. ताई गेल्या की ती आत जाऊन तोंड धुऊन यायची. मग हाक, "पुढचे कोण?"

हे सगळं ती कुठे ठेवत असेल? माझ्या फोमला खड्डे पडलेले दिसतात. तिचे

(आलं.)

मित्रांनो, आज मी घाबरलो आहे. आज जे झालं ते आधी सांगतो.

हल्ली तिच्या टाचा उचलल्या जात नाहीत. गाणं बंद झालं आहे. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहते आणि बोलणाऱ्याला "हं" म्हणते. मध्येमध्ये, सारख्या अंतराने. हं. हं.

आज शेवंतीताई माझ्यावर पडल्यापडल्या म्हणाल्या, "आज त्याचा वाढदिवस असता गं."

प्रियांका म्हणाली, "हं. छान."

ताईंचं अंग माझ्यावर दगडासारखं झालं. मग त्या उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. प्रियांकाने चादर झटकली. उशी उलटी केली. आणि उशी हातात धरून तशीच उभी राहिली. तिला तेव्हा कळलं. पण दारातून आवाज आलाच, "मॅडम, मी येऊ का?"

(आलं.)

आणखी एक. सकाळपासून ती उजवा हात झटकते आहे.

"काय गं, हात का झटकतेस सारखा?" आसावरी मॅडमनी विचारलं.

"मुंग्या येतात. हात अंगाखाली ठेवून झोपलेले बहुतेक."

"रोजच अंगाखाली ठेवतेस का?" मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि विषय तिथेच राहिला.

हे ऐकत बसलेले धोंडिबाकाका हसत होते. एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत त्यांचा जन्म गेला, आता निवृत्त आहेत, साखरेचा आजार आहे. पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून शेक घ्यायला येतात. त्यांनी प्रियांकासाठी टपरीवरून चहा आणला होता, स्टीलच्या पेल्यात. वाफाळता. तिने तो सगळ्या बोटांनी धरला आणि सावकाश प्यायली.

"बघा, पोरीचे हात लोखंडाचे!" काका म्हणाले. "मला तर पेला रुमालात धरावा लागला."

सगळे हसले. तीही हसली. मीच एकटा

(आलं.)

(आलं.)

(आलं.)

मित्रांनो, जे व्हायला नको होतं ते झालं.

शेकायची पिशवी कढत पाण्याच्या टाकीत असते. ती बाहेर काढून पंच्यात गुंडाळायची आणि आधी स्वतःच्या हाताला लावून बघायची. हाताला सोसली तर अंगाला लावायची. प्रत्येक फिजिओथेरपिस्ट हे करतो. काल बाहेर बाक भरला होता. काकांची नळ्यांची परीक्षा पूर्वी झाली होती, तेव्हा ते पास झाले होते. प्रियांकाने ती पुन्हा घेतली नाही. पण पिशवी स्वतःच्या बोटांना लावून बघितली, ते ती विसरली नाही. बोटांना काहीच गरम लागलं नाही. तिला वाटलं, पाणी निवलं असेल. तिने पंच्याची एक घडी काढून टाकली.

काका माझ्यावर निवांत पडून होते. म्हणाले, "आज काही लागतच नाही गं शेक."

"पाणी निवलंय, काका," ती म्हणाली.

रेक्झिनमधून तो जाळ माझ्या फोमपर्यंत पोचत होता, मित्रांनो. मला ओरडता येत नव्हतं. माझ्यावर माणूस होता.

आज सकाळी काका आले ते पोटरीला पट्टी बांधून. मोठा फोड आला होता. बरोबर त्यांची सून सोनल होती. ती दारातूनच सुरू झाली. "माणूस आहेत ते, इडल्या नाहीत वाफवायला! तुम्हाला हाताला लावून बघता येत नाही का आधी?"

"बघितलं होतं," प्रियांका म्हणाली.

"बघितलं होतं? मग हा फोड काय आम्ही घरी आणला?"

"सोनल, बस कर," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा बाबा. तुम्हाला काही कळत नाही म्हणून तर हे झालं."

प्रियांका काकांच्या पायाशी फरशीवर बसली. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्याला तिचा चेहरा दिसला. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रडूही नव्हतं. ती पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होती, "मी बघितलं होतं. मला गरम नाही लागलं."

आसावरी मॅडमचे पाय दारात थबकले. मग त्या बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना म्हणाल्या, "आज दवाखाना बंद." कोणीतरी कुरकुरलं, "अहो, एवढं पाठीचं तरी—" मॅडमनी दार लावून घेतलं. सोनल आणि काका आतच राहिले.

"प्रियांका, बेडवर झोप."

"मॅडम, काकांची पट्टी—"

"झोप म्हटलं ना."

(आली.)

मित्रांनो, इतकी वर्षं तिच्या हातांचा जोर मी माणसांच्या अंगातून सोसला. तिचं स्वतःचं वजन त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर आलं. ती पालथी झोपली नाही, उताणी झोपली, त्यामुळे भोकातून मला दिसलं ते फक्त फरशीवर पडलेलं तिच्या ओढणीचं टोक. ऐकू मात्र सगळं आलं.

नळ्या एकमेकींवर आपटून किणकिणल्या. मॅडम म्हणाल्या, "डोळे मीट. हात दे. गरम की गार?"

"गार."

"आता?"

"गार."

सोनलचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"आता सांग. नीट."

"मॅडम, तुम्ही नळी लावलीय का?"

काकांनी घसा खाकरला. "म्हणजे पोरी, तुझा हात बधिर आणि माझा पाय बधिर. त्या पिशवीची तर मजाच झाली!" आणि ते हसायला लागले. सोनल म्हणाली, "बाबा, पुरे," पण आता तिच्या आवाजातली धार गेली होती.

प्रियांका हसली नाही. म्हणाली, "मॅडम, काल शेवंतीताई म्हणाल्या, आज त्याचा वाढदिवस असता. मी म्हटलं, छान. मला काही वाटलंच नाही. आतसुद्धा असंच झालंय. कोणी काही सांगितलं की मला गरमही लागत नाही, गारही लागत नाही. त्याला नळ्या आहेत का?"

मॅडम माझ्या काठावर टेकल्या. मग म्हणाल्या, "नाहीत. पण मला विचारायला हवं होतं. एवढ्या एकांना घे, एवढ्या एकांना घे, हेच म्हणत राहिले मी."

"मी पण नाही म्हटलं नाही," प्रियांका म्हणाली आणि तेव्हा तिला रडू फुटलं. तिचे हुंदके माझ्या पायांपर्यंत उतरले. माझे सांधे करकरले, मित्रांनो. मी ते

(

)

आता माझ्याकडे वेळ आहे. इतका की काय बोलावं ते सुचत नाही.

प्रियांकाच्या मनगटात शीर दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, जाणीव किती परत येईल ते सांगता येणार नाही. प्रियांका घरी होती, तेव्हा मी रोज तिच्या बुटांची वाट बघायचो. शेवंतीताईंच्या चपलांचीही. त्या परत आल्या नाहीत.

मॅडमनी नवा नियम केला आहे. एक माणूस उठला की मी काही वेळ रिकामा राहतो. त्या वेळात मॅडम हात पाण्यात सोडून बसतात. प्रियांका अजून कोणाला हात लावत नाही, व्यायाम तेवढे शिकवते. मग दोघी बोलतात. कोणी काय सांगितलं, त्यातलं काय मनाला लागलं, काय लागलं नाही. लागलं नाही, हेही सांगायचं असतं.

बाहेरच्यांना हे रुचत नाही. "बेड रिकामा तर आहे! मग आम्हाला का बसवून ठेवता?" असं कोणीतरी रोज म्हणतं. फोड बरा झालेले धोंडिबाकाका दाराजवळच्या खुर्चीत बसलेले असतात. त्यांना शेक बंद झाला आहे, तरी ते येतात. "बसा हो," ते म्हणतात. "घाई केल्यावर काय होतं ते माझ्या पोटरीला विचारा."

परवा त्यांनी चहा आणला. त्याच स्टीलच्या पेल्यात. प्रियांकाने उजव्या हाताने पेला धरला, आणि

"हाऽऽ!"

पेला माझ्या कडेवर सांडला. चहा भोकातून फरशीवर ठिबकला. "काय झालं?" म्हणत मॅडम धावत आल्या.

"चटका बसला," ती म्हणाली. करंगळीशेजारचं बोट तिने वर धरलं. "इथे. बाकीच्यांना नाही. पण इथे बसला, मॅडम."

काका म्हणाले, "चला, लोखंडाला गंज लागला." तिने त्यांना ओल्या फडक्याने मारलं.

मित्रांनो, मला फार आशा आहे असं समजू नका. बाकीची बोटं अजून बधिर आहेत. कोणी सांगावं, तशीच राहतील. पण तुमच्या आजीचा गुडघा कोणी रोज वाकवत असेल, तुमच्या भावाचा लुळा हात कोणी उचलत असेल, तर त्या माणसाच्या हातांकडे एकदा बघा. ते हात झटकत असतील तर का ते विचारा. "दमलात का" असं विचारू नका, कारण ते नाही म्हणतील. त्यांना चहा द्या आणि पेला कसा धरतात ते बघा. आणि कुठे माझ्यासारखा पलंग रिकामा दिसला, तर कृपा करून लगेच त्याच्यावर चढू नका. मी तुमच्या पाया पडलो असतो. पण माझे पाय मोडायच्या जागी वेल्ड केले आहेत.

निळे बूट येताहेत. तिने चादर झटकली नाही, उशी उलटी केली नाही. हातात फोन आहे. मॅडमना म्हणते आहे, "शेवंतीताईंना लावते. काय बोलू, ते माहीत नाही." मॅडम म्हणतात, "तेच सांग." घंटी वाजते आहे. टाचा उचलल्या आहेत.

पलीकडून कोणी उचलेल की नाही, ते मला तुम्हाला सांगता येणार नाही, मित्रांनो. ती माझ्यावर बस