देवीकडे वळणारी बस

दुपारी तीनची पाळी सुटली की मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार घरची वाट सोडून नाल्यासमोरच्या देवळापुढे गोळा होत. दर मंगळवारी तिथं चमत्कार घडे. कामगारांची ने-आण करणारी विनाचालक बस देवळापाशी आली की आपोआप डावीकडे तोंड फिरवी आणि पायरीजवळ थांबे. महिपतबुवा शंख फुंकून सांगत, "चालक नाही, तरी गाडी माझ्या आईला ओळखते. आकाशातले उपग्रह तिच्या पदराला बांधलेत." उपग्रह किती, हे कुणी विचारलं नाही. रस्ता रुंद करायला देऊळ हटवायची नोटीस मात्र चमत्कार सुरू झाल्यापासून तशीच पडून होती.

बसमध्ये देखरेखीला दर्शना असे. बस वळली की लाल बटण दाबून ती थांबवायची दर्शना. नमस्कार व्हायचा देवीला. तिनं कंपनीला तीनदा कळवलं होतं. किरकोळ त्रुटी आहे, चाचणी चालू ठेवा, असं उत्तर आलं.

त्या मंगळवारी बस नेहमीच्या जागेच्या बरीच आधी, वेगात असतानाच वळली. दर्शनानं बटणावर मूठ आपटली. ब्रेक लागले, पण तोवर पायरीवर हार विकणारी हौसाबाई टोपलीसकट बसखाली चिरडली गेली होती.

दर्शना उडी टाकून खाली आली. म्हातारीच्या तोंडातून रक्त येत होतं. बस मागे ढकला, म्हणून तिनं हाका मारल्या. लोक धावून आले ते तिच्याच अंगावर. कारण बुवा पायरीवरून सांगत होते की ह्या पोरीनं बटण दाबून देवीचं वाहन अडवलं, म्हणून देवी कोपली.

पहिला नारळ तिच्या कपाळावर बसला. मग लाथा. बरगडी मोडल्याचं तिला आतून कळलं. संदेश नावाच्या टँकरचालकानं केस धरून तिला फरफटत देवीसमोर आणलं. दुसऱ्या हातानं तो व्हिडिओ घेत होता. मोबाइल डोळ्यांसमोर आला तसं तिला आठवलं, की वळण्याआधी बसच्या पडद्यावरच्या नकाशात बस रस्त्यात नव्हतीच. उजवीकडच्या नाल्यात दिसत होती.

"व्हिडिओ बंद कर," ती रक्त थुंकून म्हणाली. "नकाशा उघड. तू कुठं आहेस ते बघ, मग मार."

बोलणं इतकं विचित्र होतं की संदेशनं बघितलं. त्याचा निळा ठिपका नाल्याच्या मधोमध होता. त्यानं शेजारच्या सुदेशला विचारलं. त्याचाही तिथंच. मारणारे हात खिशात गेले. माणसं उभी देवळापुढे, आणि पन्नास मोबाइल सांगत होते की सगळे नाल्यात एकाच जागी आहेत.

"आई आपल्या भक्तांना नाल्यात कशाला उभी करेल?" दर्शना म्हणाली. "जवळच कुणीतरी खोटा सिग्नल सोडतंय."

बुवा गाभाऱ्याकडे वळले, पण संदेश आधी पोचला. मूर्तीमागच्या लाल कापडाखाली डब्याएवढी पेटी होती, वर अँटेना, खाली बॅटरी. दर्शनानं वायर उपटली. थोड्या वेळानं ठिपके एकेक करून देवळापुढे परतले.

उपग्रहांचा सिग्नल हजारो किलोमीटरवरून येतो, जमिनीवर पोचेतो कुजबुजीएवढा उरतो. जवळून कुणी त्याच भाषेत मोठ्यानं खोटं बोललं की यंत्राला तेच ऐकू येतं. पेटी सांगे, तू उजवीकडे नाल्यात आहेस. बस रस्त्यावर यायला डावीकडे वळे. डावीकडे देऊळ होतं. त्या दिवशी नोटीसवाले साहेब येणार, म्हणून बुवांनी पेटीचा जोर वाढवला होता. खोटं लांबवर पोचलं, आणि बस वेग कमी व्हायच्या आधीच वळली.

आता तेच नारळ बुवांवर पडू लागले. एकानं शंखानं त्यांचे दात पाडले. दर्शना मोडक्या बरगडीनं आडवी आली. पोलिसांपुढे बोलायला ह्याचं तोंड शाबूत पाहिजे, म्हणाली, आणि आधी बस उचला. सगळ्यांनी मिळून बस एका बाजूनं उचलली. हौसाबाई गेली होती.

बुवा कोठडीत गेले. चौकशीत कंपनी म्हणाली, आम्ही फसवले गेलो. कपाळावर टाके घेऊन बसलेल्या दर्शनानं एवढंच विचारलं, "बसच्या कॅमेऱ्याला समोर म्हातारी दिसत होती ना?" दिसत होती. पण गर्दीत बस सारखी अडते म्हणून देवळापाशी कॅमेऱ्याचं ऐकायचं नाही, असं कंपनीनंच ठरवून ठेवलं होतं. बसनं फक्त आकाशाचं ऐकलं.

वाचकहो, बुवांचं खोटं उघडं पाडायला खिशातला मोबाइल पुरला. तो कित्येक मंगळवार प्रत्येकाच्या खिशात होता. बोलणारा बुवा असो की यंत्र, डोळ्यांना दिसतंय त्याच्याशी ताडून बघा, आणि जुळलं नाही तर थांबा. हात उचलण्याआधी तर नक्कीच थांबा.