चार स्क्रूंचा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. माझ्यामागे घर नाही. एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात, तालमीच्या खोलीत, चौकटीसकट मी एकटा उभा आहे. मला घडवणाऱ्या मिस्त्रींनी चौकटीला मागून दोन तिरके टेकू दिले आणि बजावले, "कितीही आपटा, हलणार नाही." मित्रांनो, मी खरोखरच हलत नसे.

विनोद शिकवणाऱ्या सरांचा एक नियम होता. पहिला महिनाभर कोणी संवाद म्हणायचा नाही. फक्त माझ्यातून आत यायचे. कोणी भांडून यायचे, कोणी उधारीवर आणलेला कोट घालून. चुकले की सर बोटाने बाहेरची वाट दाखवत. एका लठ्ठ मुलाने एकतीस वेळा माझी कडी काढली. बत्तिसाव्या वेळी तो नुसता डोकावला आणि अख्खा वर्ग हसला. त्या हसण्यात माझा वाटा होता. तो मी सोडणार नाही.

सर निवृत्त झाले. नवे विभागप्रमुख पडद्यावर विनोदाचे सात प्रकार दाखवू लागले. मध्ये येतो म्हणून मला भिंतीला टेकवले, चार स्क्रूंनी चौकटीला पक्के केले आणि माझ्यावर टाचण्यांनी सूचना लावू लागले. जो उघडत नाही त्याला दरवाजा म्हणत नाहीत, एवढे तरी विद्यापीठात कळायला हवे.

मुले आता संगणकावर पटकथा लिहीत. 'तो आत येतो' असे टंकून पुढे जात. आत येणे म्हणजे काय, हे एकालाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या वर्षातली एक मुलगी होती. मैत्रिणी तिला घाईबाई म्हणत. दोन दिवसांसाठी म्हणून आलेला मेहुणा मुक्काम हलवत नाही, असा तिचा प्रसंग होता. वाचनात कोणी हसले नाही. शनिवारच्या वाचनातही हसले नाहीत, तर तो वार्षिक प्रयोगातून वगळणार होते. प्रमुखांनी संवाद वाढवायला सांगितले. तिने वाढवले. प्रसंग आणखी मेला.

ग्रंथालयाची पुस्तके परत करायला जुने सर आले, तेव्हा तिने कागद त्यांच्यापुढे धरले. सरांनी उभ्याउभ्या वाचले.

"यात मेहुणा येतो कधी?"

"पहिल्याच ओळीत, सर."

"ती ओळ आली गं. तो कधी येतो?"

मग ते माझ्याकडे वळले. सूचनांखालचे स्क्रू त्यांनी एकेक करून बोटाने चाचपले. मग घाईबाईकडे पाहून त्यांनी बोटांनी स्क्रू फिरवल्याची खूण केली. घाईबाईने दिव्यांच्या खोलीतून स्क्रूड्रायव्हर आणला, स्क्रू काढले आणि दोघांनी मला भिंतीपासून पुढे ओढले. माझ्या बिजागऱ्या इतक्या जोरात करकरल्या की मलाच लाज वाटली.

ती मेहुणा होऊन भलीमोठी बॅग घेऊन आत आली. सरांनी बोट दाखवले. पुन्हा आली. पुन्हा बोट. नवव्या वेळी बॅग माझ्यात अडकली. बॅग ओढता ओढता, घरात कोणी ऐकू नये म्हणून ती मला हळूच म्हणाली, "दोनच दिवस हो."

सर हसले. ती तिथेच खाली बसली आणि तिने दीड पान संवाद खोडून टाकला.

शनिवारी ती बॅग घेऊन माझ्यातूनच आली. लोक पोट धरून हसले. प्रसंग प्रयोगात गेला. विभागप्रमुखांनी पाहुण्यांना सांगितले, सात प्रकार नीट शिकवले की असा निकाल मिळतो. सोमवारी मला पुन्हा भिंतीला टेकवून बंद केले, या खेपेला सहा स्क्रूंनी. वर घाईबाईच्या अभिनंदनाचा कागद लावला.

मित्रांनो, टाचण्यांची मला तक्रार नाही. जुने झाल्याचेही दुःख नाही. पण ज्याच्यातून शिकायचे, त्यालाच ठोकून वर कौतुक चिकटवायचे, हा अन्याय मी मुकाट्याने सोसणार नाही. तुमच्या शाळेत असे काही बंद करून ठेवले असेल, तर परवानगीची वाट पाहत बसू नका.

स्क्रूड्रायव्हर दिव्यांच्या खोलीत आहे, डावीकडच्या खणात.