माझ्या पाठीवरची बारीक ओळ

मी वीजबिलाचा एक जुना कागद आहे. एका शिंपीआजोबांच्या शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डबीखाली पडून असतो. मित्रांनो, मनावरचं ओझं उतरवल्याशिवाय विरून जायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगतो.

छापखान्यातून निघालो तेव्हा काय माझा तोरा! गुळगुळीत अंग, निळी चौकट, रकानेच रकाने. "देखणं झालंय बिल," छापणारा म्हणाला आणि मी फुशारलो. रक्कम तोंडावर ठळक, तिचं कारण मात्र पाठीवर, खसखशीएवढ्या अक्षरांत. एखाद्या गवयाने ओळ घोळून घोळून गायची आणि अर्थ सांगायची वेळ आली की उठून जायचं, तसलं माझं वागणं.

आजोबांची छाती अधू. रोज दुपारी दोन तास श्वासाचं यंत्र लावावं लागे. दाराच्या फटीतून मी आत पडलो तेव्हा सुनेने मला उजेडात धरलं. रक्कम नेहमीच्या दुप्पट होती, आणि शेजारी छापलं होतं, 'स्थिती ४'.

"हे चार म्हणजे काय हो, बाबा?"

"अगं, घरात आपण चौघं. तेच असणार," आजोबा म्हणाले. मग यंत्राकडे बघून पुटपुटले, "हा पाहुणा फार खातो बरं का."

खरं काय ते मला ठाऊक होतं. नातीने वायरींना हात लावू नये म्हणून आजोबांनीच मीटरच्या पेटीला कुलूप घातलं होतं. रीडिंग घेणारा कुलूप बघून परत गेला आणि कचेरीने अंदाजाने आकडा टाकला. स्थिती चार म्हणजे एवढंच. यंत्र बिचारं निर्दोष. पण मी आपला भिंतीकडे पाठ करून बिलं अडकवायच्या तारेला लटकलो.

दुसऱ्या दिवसापासून सून कामावर गेली की आजोबा यंत्र लावेनासे झाले. कुणाला बोलले नाहीत. मी समोरून बघत होतो. पाचव्या दिवशी नात शाळेतून आली, तर आजोबा जमिनीवर, ओठ निळे पडलेले. शेजारच्या काकूंनी धावत येऊन यंत्र लावलं, डॉक्टर आले. देवाची दया, वाचले.

सून मला घेऊन कचेरीत गेली. खिडकीवरच्या बाईंनी मला उलटं करून त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. सुनेने ती दोनदा वाचली.

"ताई, ही ओळ पुढे असती, तर माझ्या सासऱ्यांनी श्वासात काटकसर केली नसती."

 बाईंनी लाल पेनाने माझ्या तोंडावरच लिहिलं, 'मीटर पाहिलेला नाही. आकडा अंदाजाचा आहे. पेटी उघडून दाखवा, बिल दुरुस्त होईल.' आणि मला साहेबांपुढे ठेवून मग सुनेला परत दिलं. पुढच्या बिलांवर ती ओळ रकमेला लागूनच छापून येऊ लागली.

आजोबा बटण शोधताना डबी उचलतात, लाल अक्षरं बघून हसतात. रागावले असते तर बरं होतं.

मित्रांनो, घरी बिल आलं की उलटून बघा. कळलं नाही तर विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि उद्या तुमच्यापैकी कुणाला बिलं लिहायचं काम मिळालं, तर आकड्याशेजारीच त्याचं कारण लिहा, आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं.

दुपारी यंत्राची घरघर सुरू झाली की मी खणात निवांत होतो. ती थांबली, की दोन तास झाले असतील ना, एवढंच मनात येतं.