लेकीचं शेवटचं बोलणं

मोठ्या लेखकाच्या बायकोनं ओट्याशी पुटपुटूसुद्धा नये, तेही छापून येतं. हिचं तर सगळंच आलं होतं: माहेरची भांडणं, बाळंतपण, रागावल्यावर भुवई चढवायची सवय. लोक तिला भाग्यवान म्हणत. धाकट्या बहिणीनं मात्र कानाला खडा लावला होता. "ताई, तुला सांगायचं म्हणजे जगाला सांगायचं," असं म्हणून ती आता फक्त तब्येतीची चौकशी करी.

एकच गोष्ट हिनं पोटात ठेवली होती. चार वर्षांची लेक तापात गेली, तेव्हा हा परगावी सत्कार घेत होता. पोर शेवटी काय बोलली ते आईनंच ऐकलं. तो आला, रडला, खोटं कशाला बोला, ऊर फुटेस्तोवर रडला. मग विचारायला लागला, "शेवटी काय म्हणाली गं ती?" जेवताना, न्हाणीघराच्या दाराबाहेरून, पाहुण्यांदेखत. अगदी हात धुऊन मागे लागला. शेवटी वैतागून हिनं एक वाक्य रचून त्याच्यापुढे टाकलं: "आई, दिवा राहू दे." हे त्याला देऊन टाकलं की खरं ते आपल्यापाशी राहील, असं तिला वाटलं.

त्या वाक्यावर कादंबरी उभी राहिली आणि धो धो खपली. अनोळखी बायका हिच्या गळ्यात पडून तेच वाक्य म्हणत रडत. एकदा रंगमंचावर एका नटीनं ते इतक्या कोवळ्या आवाजात म्हटलं, की रचणाऱ्या आईच्याच अंगावर काटा आला.

परवा कपाट सरकवून केर काढताना लेकीचा मोजा सापडला. तो हातात घेऊन ती खाली बसली आणि मनातल्या मनात पोरीचं खरं बोलणं आठवू लागली. आठवला तो दिवा, तोही लेकीच्याच आवाजात. खरं काहीतरी साधंच होतं, पाण्याचं की उशीचं. दिवसभर तिनं डोकं आपटलं, पण दिवा काही हटेना.

संध्याकाळी ती त्याच्या खोलीत गेली. "अहो, ते दिव्याचं मी रचलं होतं. आणि खरं काय ते मला आता आठवतच नाहीये हो."

त्यानं चष्मा काढला. डोळे भरून आले होते त्याचे, खरंच. त्यानं खुर्ची पुढे ओढली, तिला हाताला धरून बसवलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"आता सावकाश सांग," तो म्हणाला. "अगदी पहिल्यापासून."

राखायचं असं काही उरलंच नव्हतं. ती सांगू लागली.