भिंतीला टेकलेली चूल

विकत आणलेली कोंबडी आमच्यात थेट खुराड्यात सोडत नाहीत. आधी तिला काखेत धरून चुलीभोवती फिरवायची, मग सोडायची. नाही फिरवली तर दिवस मावळायच्या आत ती जुन्या मालकाच्या दारात जाऊन उभी राहते. मग तिला आणायला जायचं म्हणजे त्या घरचा चहा आला आणि त्यांची चार बोलणीही आली. माझ्या सासूबाई, ठमाबाई, हा नेम कोंबडीला, शेळीला, भाच्याकडून आणलेल्या मांजरीला, सगळ्यांनाच लावतात. मलाही लावला होता. लग्न होऊन शेळगावात आले त्या संध्याकाळी त्यांनी मला दंडाला धरून चुलीभोवती फिरवलं, आणि मी राहिले. इतकी राहिले, की पुढं माहेरी गेले तरी पाणी कुठल्या माठातलं घ्यायचं ते विचारावं लागायचं.

म्हणून माझ्या लेकीचं, स्वरूपाचं, बारामतीला जायचं ठरलं तेव्हा आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर, "तितं चूल कुठं हाय?"

"आत्या, होस्टेल आहे ते. मेस असते."

"मेसला चूल न्हाय व्हय? गेल्या खेपेला पोरगी का पळून आली? कुणी फिरवलीच न्हाय तिला."

गेली खेप म्हणजे अकरावी. तेव्हा तिला इंदापूरला होस्टेलवर ठेवली होती. आठवडा भरायच्या आत पोरगी पेटी घेऊन एसटीतून उतरली आणि काही झालंच नाही अशा तोंडानं शेळीला पाला टाकायला लागली. मग बारावीपर्यंत रोज येऊन जाऊन केलं. मार्क चांगले पडले. आता शेतकीच्या कॉलेजला नंबर लागला, पण तिथं उजाडता उजाडता रानात प्रात्यक्षिक असतं, त्यामुळे राहणं सक्तीचं. स्वरूपाचे वडील, म्हणजे आमचे हे, एवढंच म्हणाले, "ह्या बारीला आली तर परत धाडायची न्हाय. सणसरचं स्थळ सांगून आलंय, ते बघू." रागानं नाही म्हणाले. उसाला पाणी कधी द्यायचं ते सांगावं तसं म्हणाले, आणि त्यांचं पाणी कधी चुकत नाही.

भावकीतल्या एकाच्या पिकअपमधनं गादी, पेटी, बादली, लसणाची चटणी असं सगळं घेऊन निघालो. आत्यांनी खिडकीतनं हात घालून माझं मनगट धरलं. "फिरवायची इसरू नकोस." स्वरूपा समोर बघत होती. भवानीनगर मागं पडलं तरी तिनं मान वळवली नाही.

होस्टेलच्या जिन्याशी पाटी होती, पुरुषांना वर जायला बंदी. त्यामुळे हे बादली हातात धरून खालीच उभे राहिले, देवळाबाहेर दुसऱ्याच्या चपला राखत उभं राहावं तसे. गादी आम्ही दोघींनी वर ओढली. खोलीत तीन खाटा. दोन रिकाम्या, एकीवर भिगवणची माधवी नावाची पोरगी बसलेली. तिच्या घरी मासळीचा धंदा, आणि पेटीत कागदाच्या चार घड्यांत गुंडाळलेलं सुकट. "काकू, वास येतोय का?" तिनं विचारलं.

"येतोय थोडा."

"होईल सवय," ती म्हणाली, आणि हसली. नाक तिचं लाल होतं. सर्दी असावी.

स्वरूपानं दाराजवळची खाट घेतली. खिडकीजवळची तिसरी मोकळी असताना. मला ते आवडलं नाही. दाराजवळचं माणूस निघायच्या बेतात असतं.

पाणी बघून येते म्हणून तिला घेऊन खाली मेसमध्ये गेले. भागूबाई नावाची स्वयंपाकीण पोत्यातले कांदे ओतत होती. आणि तिच्या मागं ती चूल. चूल कसली, लोखंडाची मोठी शेगडी, वर दोन पातेली, आणि पाठ पार भिंतीला लावलेली. फरशीच्या भिंतीला, अगदी चिकटून.

"ही पुढं सरकत नाही का?" मी विचारलं.

"कशाला सरकवायची?"

मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. भागूबाईनं हातातला कांदा खाली ठेवला आणि पोट धरून हसली. "अगं बया! ताई, हिच्या मागनं झुरळसुद्धा अंग चोरून जातं. पोरीला कशी फिरवणार?"

"मम्मी, चल," स्वरूपा दातातल्या दातात म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून धसका बसला. पोरीनं तिथं राहावं हे मलाच तर हवं होतं. पण मी राहिले तशी राहावी का? घरी आल्यावर माठ कुठला ते तिनं मला विचारावं का?

निघताना तिच्या वडिलांनी बादली तिच्या हातात दिली. "बादलीवर नाव टाक," म्हणाले. चार वर्षांसाठी पोरगी सोडून चाललेला माणूस, आणि शब्द एवढेच.

घरी आत्या दारातच. "फिरवली?"

"फिरवली," मी म्हणाले आणि घाईघाईनं आत गेले.

मग घर मोठं झालं. खोल्या तेवढ्याच, पण कुठलीही गोष्ट जिथं ठेवली तिथंच सापडायला लागली. कंगवा आरशापाशी, रिमोट टीव्हीवर. कालवण रोज उरायचं, कारण माझ्या हाताला कमी करायला जमेना. आमचे हे मुकाट्यानं शिळं खायचे. दिवेलागणीला तिचा फोन यायचा. काय खाल्लं, मटकी. काल काय होतं, मटकीच. माधवी काय करते, तिला कायम सर्दी, झोपल्यावरही नाक ओढत असते. असलंच सगळं. पण मला कळायचं ते तिच्या पहिल्या शब्दावरनं. दिवसभर कुणाशी न बोललेल्या माणसाचा पहिला शब्द घोगरा येतो. तिचं 'हॅलो' रोज घोगरं यायचं, मग हळूहळू आवाज मोकळा व्हायचा, आणि तोवर फोन ठेवायची वेळ व्हायची.

एका संध्याकाळी आवाज मोकळा झालाच नाही.

"मम्मी, मी बॅग भरलीय. उद्या न्यायला ये."

"काय झालं? कुणी काय बोललं का?"

"बोलाय कोण हाय हितं? मेसमध्ये मी बसले की बाकड्यावर दोन्ही अंगाला जागा राहते. पप्पांना सांगू नको."

फोन ठेवून वळले, तर आत्या चौकटीला टेकून उभ्या. म्हाताऱ्या माणसांना ऐकू येत नाही म्हणतात, आमच्या म्हातारीला भिंतीआडचं येतं.

"तू तर फिरवली म्हणालीस."

मी खालीच बसले. "आत्या, भिंतीला टेकलेली हाय ती चूल. फिरायला वाटच न्हाय."

मला वाटलं आता शिव्या खायच्या. पण आत्यांना राग आला तो माझ्या अडाणीपणाचा. "अगं, मग चूल न्यायची की! आमी मेंढरांमागं हुतो तवा काय भिंती बांधत हुतो? रोज नवं रान. तीन धोंडं मांडलं की झाली चूल. आधी मी फिरायची, मग पोरं फिरवायची, मग भाकरी टाकायची."

"मागचं विसरावं म्हणून?"

"मागचं कोण इसरतं गं?" आत्या म्हणाल्या. "मला अजून समदी रानं याद हायत, कुठल्या बांधाला बोर हुती ती सुद्धा. आज हितं डोळा लागावा, एवढ्यासाठी फिरायचं. उद्याचं उद्या."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मला कशाला फिरवलीत?"

"तू रडत हुतीस," आत्या म्हणाल्या, आणि दाणे टाकायला कोंबड्यांकडं गेल्या.

सकाळी आत्यांनीच अंगणातल्या आंघोळीच्या पाण्याच्या चुलीचे तिन्ही धोंडे उपसले, राख झटकली आणि खताच्या रिकाम्या पिशवीत घातले. ह्यांना मी दवाखान्याचं कारण सांगितलं. त्यांनी पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विहिरीकडं निघून गेले.

एसटीत पिशवी पायाशी ठेवली तेव्हा असा धप् आवाज झाला की कंडक्टर वळला. "काय हाय मावशी?"

"धोंडे."

"बारामतीतली संपली का काय?"

अख्खी गाडी हसली. मीही हसले, दुसरं काय करणार?

स्वरूपा खाटेवर बसली होती. बॅग मांडीवर, गादी गुंडाळून दोरीनं बांधलेली. बादली कोरी होती, नाव टाकलेलं नव्हतं. मला बघून ती लगेच उठली. "पप्पांना कळलं का?"

"बॅग घे. खाली चल."

तिला वाटलं निघालो. मी वळले ती मेसच्या मागच्या अंगाला, जिथं भांडी घासायचा नळ आहे. भागूबाई तिथं पालापाचोळा लोटत होती. मी पिशवी पालथी केली. धोंडे काळेकुट्ट, आमच्या अंगणाचा धूर लागलेले. भागूबाईनं ह्या वेळी हसण्यात वेळ घालवला नाही. "मॅडम यायच्या आत उरका," म्हणाली, आणि कुठूनतरी वाळल्या नारळाच्या झावळ्या आणि चहाचं पातेलं घेऊन आली.

"मम्मी," स्वरूपाचा आवाज चढला, "मी काय कोंबडी हाय?"

"तू ऱ्हा हुबी. आधी मी फिरायची असती."

आणि मी फिरले. बारामतीत, दिवसाढवळ्या, जाळ चुकवत, पदर धरून. वरच्या मजल्यावरनं दोन पोरी बघत होत्या. कुणी बघतंय म्हणून पाय अडखळला, पण आत्या म्हणतात तसं रान नवं होतं, तिथं मला ओळखणारं होतं कोण?

तेवढ्यात माधवी कॉलेजातनं आली ती धूर बघून थेट मागंच. "काकू, हे काय?"

"कोंबड्या बसवायचं चाललंय," भागूबाई पातेल्यात साखर टाकत म्हणाली. मग माधवीला सगळं सांगावं लागलं. माधवी ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिनं चपला काढल्या, पुस्तकं नळाच्या कट्ट्यावर ठेवली आणि माझ्या मागनं चुलीभोवती चालायला लागली. थट्टा करत नव्हती. खाली बघून, पाय जपून टाकत चालत होती.

"तू कशाला?" स्वरूपानं विचारलं. मला वाटतं तो तिनं माधवीला विचारलेला पहिलाच धड प्रश्न असावा.

"आल्यापासून उशीत तोंड घालून पडते मी," माधवी चालता चालता म्हणाली. "तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

"तुला सर्दी हाय ना?"

"कुठली सर्दी?"

स्वरूपाच्या बॅगेचा पट्टा खांद्यावरनं घसरला होता, तो तिनं परत वर घेतला नाही. चहा उकळला. भागूबाईनं स्टीलच्या पेल्यांत ओतला, त्याला झावळीच्या धुराचा वास होता, आमच्या अंगणातल्यासारखा. स्वरूपानं पेला दोन्ही हातांत धरला आणि चुलीपासनं हातभर लांब उभी राहून प्याली. फिरली नाही. मीही म्हटलं नाही.

गाडीची वेळ झाली. "येतीस?" मी विचारलं.

तिनं बॅगेकडं बघितलं. मग पातेल्याकडं. "तू हो पुढं," म्हणाली. "ही भांडी घासायची राहिलीत."

भांडी भागूबाईची, पेले मेसचे, आणि घरी ताट उचलायला सांगितलं की ह्याच पोरीच्या पोटात दुखायचं. पण मी निघाले. फाटकाशी वळून बघितलं तर मेसची भिंत आड आली. ती नंतर चुलीभोवती फिरली की नाही, मला माहीत नाही.

घरी आले तेव्हा हे ओट्यावर बसलेले. कुठल्या दवाखान्यात गेली होतीस ते त्यांनी विचारलं नाही. माझ्या मागं रस्त्याकडं बघितलं. मागं कुणी नव्हतं. "बादलीवर नाव टाकलं का तिनं?" म्हणाले.

"टाकेल."

"हं," म्हणाले. सणसरचं नाव त्यांनी काढलं नाही.

त्या दिवशी फोन आला नाही. मी तो हातात घेऊनच भाकरी केल्या, पिठाचे ठसे उमटले त्यावर. दुसऱ्या दिवशी आला.

"मम्मी!" पहिलाच शब्द, स्वच्छ, नुकत्याच कुणाशी तरी हसत असलेल्या पोरीचा. मागं पोरींचा कालवा होता. "ऐक ना, एक धोंडा मी खोलीच्या दाराला लावलाय, वाऱ्यानं आपटत हुतं. चालतंय ना? दोन भागूमावशीकडं हायत. मी नंतर करते, माधवी थांबलीय."

"अगं पण जेवलीस का..." म्हणेस्तोवर ठेवला होता.

मी अंगणात गेले. हेच तर हवं होतं. हेच हवं होतं असं मनाशी म्हणत मी उगाच दोरीवरचे वाळलेले कपडे काढले, घडी घालायला बसले, तर त्यात तिचं काहीच नव्हतं. आंघोळीच्या चुलीच्या जागी राखेचा गोल उरला होता, आणि त्यात आत्यांनी तीन विटा मांडल्या होत्या. नव्या, तांबड्या, धूर न लागलेल्या.

आत्या बाजेवर पडल्या होत्या. डोळे मिटलेलेच. "नवी चूल हाय," म्हणाल्या. "बघत काय बसलीस?"

मी पदर खोचला आणि फिरायला लागले.

"उलटी फिरतीस गं," आत्या म्हणाल्या. "उजवीकडनं."