मेमधली कोळंबी

नूपुरला बेहाला भागातल्या आपल्या घरी जेवायला बोलावण्याची कल्पना प्रेमलताची होती. तिच्या नवऱ्याला, उन्मेषला, ती मुळीच रुचली नव्हती. सॉल्ट लेकच्या प्रयोगशाळेत नूपुर त्याची कनिष्ठ सहकारी. पण उद्याच्या परिसंवादात व्यासपीठ तिचे होते. किनाऱ्यावरच्या कोळंबीतले कीटकनाशक पावसाळ्यात विरळ होते, हा उन्मेषचा बारा वर्षांपूर्वीच्या प्रबंधातला निष्कर्ष. शेतांतले विष पाऊसच समुद्रात आणतो, म्हणून ते पावसाळ्यात वाढते, हा तिचा. संचालक आताशा तिच्याच आलेखांबद्दल बोलत. उन्मेषच्या पोटात दुखत होते, आणि त्या दुखण्याला तो शास्त्रीय शंका म्हणत असे.

एक शंका मात्र खरोखर धारदार होती. ती त्याने परिसंवादासाठी राखून ठेवली होती; पण प्रेमलता "किती हुशार गं तू!" असे तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा त्याला राहवले नाही.

"तुझे मे महिन्यातले नमुने कुठले? बाजारातले?" त्याने सहज विचारल्यासारखे विचारले. "तेव्हा इथे यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते. बाजारात येते ती बाहेरची, बर्फातली कोळंबी. मग पावसाळ्याची तुलना कशाशी केलीस?"

"बाजारातले नाहीत, सर. वल्ह्याच्या होड्यांवरून घेतले. त्यांना बंदी नसते."

"अहो, पण प्रबंधाच्या वेळी तुम्ही तर मेमध्ये बाजारातूनच आणायचात!" भात वाढता वाढता प्रेमलता म्हणाली. "बर्फ झटकून मीच सोलायचे. बोटं बधिर व्हायची. वर म्हणायचात, नीट सोल, माझी डॉक्टरेट तुझ्या हातात आहे!"

नूपुर हसली नाही. ती ताटाकडे बघत राहिली. तिला हे आधीच ठाऊक होते, हे उन्मेषला तेवढ्यावरून कळले.

"आपल्या निष्कर्षांत फरक आहे, एवढंच उद्या सांगणार होते, सर," ती म्हणाली. "तुमचे आकडे का चुकले, ते नाही. तेही सांगू का?"

तिने चारचौघांत त्याला पाडले असते, तर त्याला सुखाने तिचा राग करता आला असता. तीही सोय तिने ठेवली नव्हती.

"सांग," तो म्हणाला. मग किंचित आशेने त्याने विचारले, "कोळंबी वाळवूनच वजन केलंस ना? ओल्या मांसात पाण्यामुळे आकडे फसतात."

"वाळवूनच, सर."

"कालवण वाढू अजून?" प्रेमलताने विचारले.

उन्मेषने ताटावर हात आडवा धरला.